इंग्रजीच्या पदव्युत्तर वर्गात मराठीची जागा



जून 2000मध्ये महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. तोवर मराठी शाळेतल्या मुलाची आणि इंग्रजीची गाठ पाचवीत पडत असे. रामकृष्ण मोरे तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते. त्या निर्णयावर वर्तमानपत्रांत, शिक्षक-संघटनांत, साहित्य संमेलनांच्या मांडवांत भरपूर वाद झाला. तो बहुतेक मुलाच्या वयाचा वाद होता : सहाव्या वर्षी परकी भाषा डोक्यावर लादावी की नाही, मातृभाषा पक्की होऊ द्यावी की नाही. वयाचा प्रश्न मोलाचा होता आणि आजही आहे. पण त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे त्या मानाने फार कमी लक्ष गेले. ही इंग्रजी शिकवणार कोण, आणि शिकवणाऱ्याला विद्यापीठाने काय शिकवून पाठवले आहे? आज मला या दुसऱ्या प्रश्नावर बोलायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात इंग्रजीचा शिक्षक होऊ पाहणाऱ्याच्या पदव्युत्तर अभ्यासात मराठी भाषेच्या रचनेचा गंभीर अभ्यास असलाच पाहिजे. तो नसल्यामुळे आपला एम.ए. झालेला शिक्षक वर्गात निम्म्या माहितीवर उभा राहतो आणि उरलेल्या निम्म्याची किंमत मुले मोजतात.

इंग्रजी विषयात एम.ए. करणारा विद्यार्थी दोन वर्षे काय वाचतो, हे बघायला फार दूर जायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेचा इंग्रजीचा अभ्यासक्रम समोर ठेवला तरी पुरे, कारण प्राध्यापक होऊ इच्छिणारे बहुतेक जण शेवटी त्याच चाळणीतून जातात. त्यात 10 घटक आहेत. नाटक, काव्य, कथा-कादंबरी, ललितेतर गद्य, समीक्षा, दुसऱ्या महायुद्धानंतरचे साहित्यसिद्धांत, संस्कृती-अभ्यास, संशोधनपद्धती हे त्यांतले 8. भाषेच्या मूलभूत संकल्पना आणि भाषेचे अध्यापन मिळून 1, आणि भारतातल्या इंग्रजीचा इतिहास हा आणखी 1. साहित्याच्या अभ्यासात वावगे काहीच नाही. त्याकडे मी पुढे येईन. पण या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण उद्या माध्यमिक शाळेत, कनिष्ठ महाविद्यालयात किंवा तालुक्याच्या गावी बी.ए.च्या सक्तीच्या इंग्रजीच्या तासाला उभे राहणार आहेत. तिथे त्यांच्यासमोर शेक्सपिअरचे वाचक बसलेले नसतात. एक वाक्य धड लिहिता यावे म्हणून धडपडणारी मुले बसलेली असतात. त्या मुलांच्या डोक्यात आधीपासून एक पूर्ण, समृद्ध भाषा नांदत असते, आणि तिच्याविषयी शिक्षकाच्या पदव्युत्तर अभ्यासात अवाक्षर नसते.

परकीय भाषांच्या विभागांकडे पाहिले की हा फरक ठळक होतो. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकवल्या जातात. तिथला विद्यार्थी शून्यापासून सुरुवात करतो हे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. प्रमाणपत्र, पदविका, मग पुढचा अभ्यास अशा पायऱ्या असतात. युरोपीय परिषदेने 2001मध्ये भाषाज्ञानाच्या 6 पातळ्यांची जी चौकट मांडली, तिच्यानुसार कुठल्या पातळीला काय यायला हवे, यावर जगभरच्या परकीय भाषांच्या वर्गांत बोलणे होते. शिवाय जर्मन शिकवणारा मराठी शिक्षक ती भाषा स्वतः मोठेपणी, कष्टाने शिकलेला असतो. नपुंसकलिंग मराठीतही आहे आणि जर्मनमध्येही आहे, पण शब्दांची वाटणी मात्र जुळत नाही, हे त्याने स्वतः सोसलेले असते आणि म्हणून तो ते वर्गात सांगू शकतो. आपल्या इंग्रजी विभागांनी मात्र इंग्रजी ही शिकावी लागणारी भाषा आहे, हे पदव्युत्तर पातळीवर जवळजवळ विसरून टाकले आहे. तिथे ती सर्वांना येतेच असे मानून पुढे चालतात. हे मानणे वस्तुस्थितीला धरून नाही, आणि ते विभागातल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

हे विस्मरण आले कुठून? इंग्रजी परभाषा म्हणून शिकवण्याचे शास्त्र आपल्याला अनोळखी नव्हते. उलट त्याच्या पायाभरणीत आपल्या उपखंडाचा वाटा आहे. मायकेल वेस्ट ढाक्यात शिकवत होते आणि बंगालच्या मुलांच्या द्वैभाषिकतेवरचे त्यांचे पुस्तक 1926चे आहे. मर्यादित शब्दसंख्येतून वाचन शिकवण्याचा जो विचार पुढे जगभर गेला, तो तिथल्या शाळांतून निघाला. 1941मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आणि 1957मध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरा विद्यापीठात या विषयाची खास केंद्रे उभी राहिली. 1958मध्ये हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाली. 1972पासून ती परकीय भाषांनाही सामावून घेऊ लागली आणि पुढे केंद्रीय विद्यापीठ झाली. एकाच छपराखाली इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, रशियन आणि त्या शिकवण्याचे शास्त्र आणणारी ही संस्था दूरदृष्टीने उभारलेली होती. पण देशभरची विद्यापीठे जुन्याच वाटेने चालत राहिली आणि अध्यापनशास्त्र हा हैदराबादला जाऊन करायचा वेगळा पदविका अभ्यासक्रम झाला. दुसरे असे की, हे शास्त्र ज्या काळात वाढले त्या काळाची एक पक्की समजूत त्याच्यासोबत आली. 1961मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची परिषद भरली होती. इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवणे उत्तम, हे तिथून निघालेल्या सूत्रांपैकी एक. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992मध्ये या सूत्राची कठोर झडती घेतली आणि हा भाषाशास्त्रातून निघालेला निष्कर्ष नसून ज्यांना विद्यार्थ्यांची भाषा येत नव्हती अशा तज्ज्ञांच्या सोयीचा नियम आहे, असे दाखवून दिले. मला त्यांचा युक्तिवाद पटतो. लंडनहून आलेल्या शिक्षकाला मराठी येत नसणे समजण्यासारखे आहे. आपण तिचे ज्ञान असूनही ते वर्गाबाहेर ठेवतो, हे मात्र समजण्यासारखे नाही.

आता थोडे बारकाईने पाहू. मराठी मूल लिहिते : ‘आय हॅव सीन दॅट फिल्म लास्ट इयर.’ शिक्षक तांबड्या शाईने खूण करतो आणि सांगतो, इथे साधा भूतकाळ हवा. मूल मान हलवते आणि पुढच्या महिन्यात तेच लिहिते. का? कारण ‘मी तो सिनेमा गेल्या वर्षी पाहिला आहे’ हे मराठीत अगदी निर्दोष वाक्य आहे. ‘पाहिला आहे’ ही रचना मराठीत ठरलेल्या भूतकाळाच्या शब्दाबरोबर सुखाने नांदते. ‘काका कालच मुंबईला गेले आहेत’ असे आपण रोज म्हणतो. इंग्रजीत तिच्या जोडीची रचना आहे, अर्थही बराचसा जुळतो, आणि म्हणूनच फसगत होते. काल, परवा, गेल्या वर्षी असा नेमका शब्द आला की इंग्रजी त्या रचनेला दार बंद करते. ही चूक दुर्लक्षातून आलेली नाही. मूल एका भाषेचा नियम काटेकोरपणे पाळते आहे. तो नियम फक्त दुसऱ्या भाषेचा आहे. ‘दोन वर्षांपासून मी इथे राहतो’ या वाक्यातून निघणाऱ्या ‘आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स’ची कहाणी तीच. हे ज्याला ठाऊक आहे तो शिक्षक दोन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहील आणि मुलांनाच विचारील की फरक कुठे आहे. ज्याला ठाऊक नाही तो तांबडी शाई वापरत राहील.

दुसरे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्यात मराठी ही अडचण नसून आधार आहे. ‘ए’ आणि ‘द’ यांचा वापर आपल्या मुलांना जमत नाही, कारण मराठीत तसले शब्दच नाहीत, असे सर्रास सांगितले जाते. तसले शब्द नाहीत हे खरे; पण त्यांच्यामागची कल्पना मराठीत नाही, हे खोटे. ‘पाटील गडी शोधताहेत’ आणि ‘पाटील गड्याला शोधताहेत’ ही दोन वाक्ये घ्या. पहिल्यात पाटलांना कामाला कुणीतरी माणूस हवा आहे. दुसऱ्यात त्यांचा ठरलेला गडी कुठेतरी गेला आहे आणि ते त्याच्या मागावर आहेत. हा फरक शाळेचे तोंड न पाहिलेल्या पाच वर्षांच्या मुलालाही कळतो. कुणीतरी आणि ठरलेला, यांतला भेद मराठीने कर्माच्या ‘ला’ या प्रत्ययावर सोपवला आहे. इंग्रजीने तो नामाआधीच्या छोट्या शब्दावर सोपवला आहे. म्हणजे शिक्षकाला नवी कल्पना रुजवायची नाही. मुलाजवळ असलेली कल्पना नव्या ठिकाणी नेऊन लावायची आहे. इथे एक मर्यादाही आहे. हा ‘ला’ मुख्यतः माणसांना आणि सजीवांना लागतो. ‘मी पुस्तक शोधतो आहे’ यात कुठलेतरी की ठरलेले, हे प्रत्यय सांगत नाही. ते संदर्भावर, शब्दक्रमावर किंवा ‘एक’ आणि ‘ते’ यांवर ठरते. मग मराठी मुलांना माणसांच्या बाबतीत ‘ए’ आणि ‘द’ लवकर जमतात आणि वस्तूंच्या बाबतीत उशिरा जमतात, असे होते का? शंभरेक वह्या गोळा करून हे तपासता येईल. एम.ए.च्या विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी घ्यावा असा हा विषय आहे. त्याला परदेशी ग्रंथालय लागत नाही, जवळची शाळा लागते.

भाषाशास्त्राचे जाणकार इथे मला अडवतील आणि त्यांचा आक्षेप हलका नाही. रॉबर्ट लाडो यांनी 1957मध्ये दोन भाषांची तुलना करून शिकणाऱ्याच्या अडचणी आधीच सांगता येतील असे मांडले होते. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तो दावा डळमळला. 1974मध्ये डुले आणि बर्ट यांनी स्पॅनिशभाषक आणि चिनीभाषक मुलांची इंग्रजी तपासली, तेव्हा व्याकरणातले काही प्रत्यय दोन्ही गटांत जवळपास एकाच क्रमाने आलेले दिसले. मातृभाषा वेगळ्या, पण वाट सारखी. तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदाचा ‘एस’ हा त्याचा जवळचा दाखला. ‘तो खातो, ती खाते, ते खातात’ असा कर्त्याप्रमाणे बदल मराठीत आहेच. तुलनेच्या हिशेबाने मराठी मुलाला हा ‘एस’ सोपा जायला हवा. तो सोपा जात नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांतही तो गळतो. मग तुलनेचा उपयोग काय? माझे उत्तर असे की, तुलनेला भविष्य सांगायला लावले तर ती खोटी पडते; समोर आलेल्या चुकीचा अर्थ लावायला लावली तर ती खरी ठरते. पिट कॉर्डर यांनी 1967मध्ये आणि लॅरी सेलिंकर यांनी 1972मध्ये हेच वळण दिले. शिकणाऱ्याची भाषा ही मातृभाषाही नसते आणि लक्ष्यभाषाही नसते. ती त्याची स्वतःची, वाटेवरची, नियमबद्ध अशी भाषा असते. तिच्यातली कोणती चूक मराठीतून आली, कोणती सगळ्या जगात होते आणि कोणती आपल्याच शिकवण्यातून उपजली, हे वेगळे काढणे हे शिक्षकाचे काम आहे. आणि हे वेगळे काढायला मराठी व्याकरण यावेच लागते. मराठीमुळे काय घडत नाही, हे सांगायलाही मराठी माहीत असावी लागते.

दुसरा आक्षेप शाळांतून येतो. मुलाला व्याकरण सांगून भाषा येत नाही. भाषा कानावर पडू द्या, वापरू द्या. या आक्षेपामागे भक्कम भारतीय प्रयोग आहे. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या शाळांत जो प्रकल्प चालवला, तो बंगलोर प्रकल्प म्हणून जगभर अभ्यासला जातो. त्यात मुलांना व्याकरणाचे पाठ नव्हते. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा अशी कामे दिली जात आणि ती सोडवता सोडवता भाषा आत उतरावी अशी अपेक्षा होती. प्रभूंचा विचार मला आदरणीय वाटतो आणि माझ्या म्हणण्याशी त्याचा विरोधही नाही. मुलांना मराठी-इंग्रजी तुलनेचे पाठ द्या, अशी माझी मागणी नाही. ही जाण शिक्षकाजवळ असावी, एवढेच मी म्हणतो. औषध देताना डॉक्टर रोग्याला शरीररचना शिकवत नाही, पण म्हणून त्याने स्वतः ती न शिकून चालत नाही. कोणते काम आधी द्यायचे, कुठे थांबायचे, कोणती चूक सोडून द्यायची आणि कोणती पकडायची, हे शिक्षक क्षणोक्षणी ठरवत असतो. 1990मध्ये प्रभूंनीच लिहिले की सर्वोत्तम अशी एकच पद्धत नसते, आणि शिकवणाऱ्याची स्वतःची पारख जिवंत राहणे सर्वांत महत्त्वाचे. ही पारख हवेतून येत नाही. द्वैभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार पहिल्या भाषेतले वाचन-विचाराचे कौशल्य दुसऱ्या भाषेत उतरते. तसे असेल, तर मुलाच्या मराठीची जाण असलेला शिक्षकच त्या भांडवलाचा उपयोग करून घेऊ शकतो.

तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो आणि त्याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. महाराष्ट्रातले प्रत्येक मूल मराठी घेऊन शाळेत येत नाही. मेळघाटातले मूल कोरकू घेऊन येते, गडचिरोलीतले गोंडी किंवा माडिया, नंदुरबारचे भिली किंवा पावरी. मुंबईच्या महापालिका शाळांत तर उर्दू, हिंदी, गुजराती, तमिळ माध्यमाचे वर्ग एकाच इमारतीत भरलेले असतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. त्या मुलाला मराठीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. तिथे मराठीच्या अभ्यासाचा आग्रह हा दुसरा अन्याय ठरेल का? तो आग्रह मराठीपाशीच थांबला तर नक्की ठरेल. म्हणून अभ्यासाचा गाभा पद्धतीचा हवा. एका भाषेची रचना नीट उलगडून पाहिलेल्या माणसाला दुसरीकडे कसे पाहावे हे कळते. वर्गातल्या मुलाला ‘तुझ्या घरी हे कसे म्हणतात?’ असे विचारून उत्तरातून काही निष्पन्न करणे त्याला जमते. मराठी हे बहुसंख्यांचे उदाहरण. गडचिरोलीच्या विद्यापीठाने त्या जागी गोंडी ठेवावी, जळगावच्या विद्यापीठाने अहिराणी आणि भिली ठेवाव्यात. गोव्यात ती जागा कोकणीची असेल.

साहित्याच्या बाजूने जी भीती व्यक्त होते ती मी मनापासून समजू शकतो. कामापुरत्या इंग्रजीच्या नावाखाली कविता-नाटके आधीच मागे सरत आहेत. त्यात आणखी व्याकरण आले तर उरेल काय? पण आपल्या इतिहासात भाषेची जाण आणि साहित्याची जाण एकमेकींच्या वैरिणी नव्हत्या. दादोबा पांडुरंगांनी 1836मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची चौकट त्यांच्यासमोर होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर मराठी वाचकांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीचे दोष मान्य करूनही सांगतो, दोन भाषा समोरासमोर ठेवून पाहण्याची शिस्त त्यांनी लावली. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले. भालचंद्र नेमाडे यांनी डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे आणि मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे एम.ए. केले, आणि मराठीवरच्या इंग्रजीच्या प्रभावाचा शैलीच्या अंगाने अभ्यास केला. रमेश धोंगडे यांचे इंग्रजी आणि मराठीतल्या काळ, अवस्था, अर्थ यांच्या तुलनेवरचे पुस्तक डेक्कन कॉलेजने 1984मध्ये प्रसिद्ध केले. ‘पाहिला आहे’चा जो प्रश्न मी मघाशी मांडला, तो त्याच प्रांतातला आहे. काळाची छटा ज्याला वाक्यात दिसते, त्यालाच ती कादंबरीतही दिसते. एका सत्रातून एक विषयपत्रिका भाषेला दिल्याने साहित्याचे नुकसान होईल, असे मानायला आधार नाही.

साधनसामग्री नाही, माणसे नाहीत, ही सबब तर मुळीच टिकत नाही. डेक्कन कॉलेजचा भाषाशास्त्र विभाग पुण्यात आहे. भारतीय भाषा संस्थेचे पश्चिम विभागीय भाषा केंद्रही पुण्यात आहे. तिथे इतर राज्यांतले शिक्षक येऊन मराठी शिकतात, म्हणजे परक्याला मराठी कुठे अडखळवते याचा अनुभव तिथे साठलेला आहे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911पासून उपलब्ध आहे. बहुतेक विद्यापीठांत मराठीचा विभाग आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो इंग्रजीच्या विभागापासून एका जिन्याच्या अंतरावर आहे. अडचण आहे ती वेगवेगळ्या अभ्यासमंडळांची, वेगवेगळ्या कार्यभाराची आणि एकमेकांच्या वर्गात न जाण्याच्या जुन्या सवयीची.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठे आपले पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्याने लिहीत आहेत आणि शिक्षकांसाठी चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.ची योजना 2030पर्यंत पुरी करायची आहे. कागद अजून ओला आहे. इंग्रजीच्या अभ्यासमंडळांवर बसलेल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, पुढच्या बैठकीला मराठी विभागातल्या एका सहकाऱ्याला बोलवा. एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात मराठीची रचना आणि मराठीभाषकांची इंग्रजी अशी एक अनिवार्य विषयपत्रिका ठेवा, आणि तिचे निम्मे गुण विद्यार्थ्याने जवळच्या शाळेतून आणलेल्या वह्यांच्या विश्लेषणाला द्या. त्या वह्या आजही तपासल्या जात आहेत. त्या वाचायला मात्र अजून कुणी बसलेले नाही. ते काम विद्यापीठाचे आहे आणि ते या वर्षापासून सुरू करता येते.